मुंबईत बेस्टच्या बसने फिरताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत नवीन नोकरीला, कॉलेजला, नाहीतर लग्न होऊन आलेली मंडळी हेच हेच प्रश्न विचारत असतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय. भाड्याचे आकडे मे २०२५ च्या दरवाढीनंतरचे आहेत. रूट नंबर उदाहरणापुरते धरा, बेस्टवाले रूट तोडतात, जोडतात, बंद करतात, त्यामुळे निघायच्या आधी एकदा चलो ॲपवर बघून घ्या.

लोकल असताना बसने कशाला जायचं?

लांबच्या सरळ प्रवासाला जाऊच नका, हे आधीच सांगतो. बोरिवलीहून चर्चगेटला सकाळी बसने निघालात तर ऑफिसात जेवणाच्या सुट्टीलाच पोचाल. पण मुंबईची गंमत अशी की वेस्टर्न, सेंट्रल, हार्बर, सगळ्या लाइनी उभ्या, म्हणजे उत्तर-दक्षिण. शहर मात्र आडवंही पसरलंय. जोगेश्वरीहून विक्रोळीला जायचंय, गोरेगावहून मुलुंडला जायचंय, सांताक्रूझहून चेंबूरला जायचंय तर लोकलने आधी दादरपर्यंत खाली या, पूल चढा, दुसरी लाइन पकडा आणि परत तेवढंच वर जा, हा सगळा वेडेपणा आहे. तिथे बस कामाला येते. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोड, गोरेगाव-मुलुंड लिंक रोड, अंधेरी-कुर्ला रोड हे चार रस्ते डोक्यात बसले की अर्धी मुंबई बसली समजा. लोकल उभी, बस आडवी, एवढं लक्षात ठेवा.

दुसरं काम स्टेशनपासून ऑफिसपर्यंतच्या तुकड्याचं. बीकेसी (वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्स), सीप्झ, पवई, वरळी, मंत्रालय, कुलाबा, मलबार हिल, या जागा लोकलच्या स्टेशनपासून चालायला लांब आणि टॅक्सीला महाग. त्यात रिक्षा फक्त उपनगरात चालते, पश्चिमेला वांद्रे आणि पूर्वेला सायन, त्याच्या खाली रिक्षाला परवानगीच नाही. दादरला उतरून रिक्षा शोधणारे नवे लोक रोज दिसतात, बिचारे.

स्टेशनला उतरलो, आता बस नेमकी कुठे उभी असते?

आधी ईस्ट की वेस्ट हे ठरवा, बाकी सगळं नंतर. चुकीच्या बाजूला उतरलात तर परत पूल चढून पलीकडे जायला गर्दीत सहज दहा-पंधरा मिनिटं जातात, आणि तुमची बस समोरून निघून जाते ती वेगळीच. अंधेरी पूर्वेला स्टेशनला लागूनच आगरकर चौक आहे, मरोळ, साकीनाका, सीप्झकडच्या गाड्या तिथून. वर्सोवा, जुहूकडे जायचं असेल तर पश्चिमेला उतरा. बीकेसीला दोन वाटा, वांद्रे पूर्व नाहीतर कुर्ला पश्चिम, आणि ३१० नंबर या दोन्ही टोकांना बीकेसीतून जोडते म्हणून ती नेहमी ठासून भरलेली. पवईला कांजूरमार्गला पश्चिमेला उतरून जातात नाहीतर अंधेरी पूर्वेहून, पण अंधेरीहून साकीनाक्याचं ट्रॅफिक लागतं हे धरून चाला. दादरला दोन्हीकडे स्टॉप आहेत आणि दोन्हीकडे वेगवेगळ्या गाड्या मिळतात, तिथे विचारल्याशिवाय पर्याय नाही.

मोठ्या स्टेशनांबाहेर बेस्टची एक बसचौकी असते, छोटी केबिन. आत बसलेला स्टार्टर गाड्या सोडतो. कुठली गाडी आता लागेल, कुठली आज बंद आहे हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं, ॲपलाही नाही. विचारा बिनधास्त. उत्तर तुसडं मिळेल पण बरोबर मिळेल.

नंबर कसा वाचायचा? ए, सी, मर्यादित म्हणजे काय?

पुढच्या बोर्डावर नंबर बहुतेक वेळा मराठी आकड्यांत असतो आणि गाडीच्या बाजूवर इंग्रजीत. आपल्याला त्याचा फायदा, बाकीच्यांची तारांबळ. स्टॉपवर कुणी बाहेरगावचा ‘हा कितवा नंबर’ विचारत असेल तर सांगा त्याला, पुण्य लागतं.

साधारण हिशोब असा की दोनशेच्या आतले नंबर शहरातले, दोनशेच्या घरातले पश्चिम उपनगरातले, तीनशेचे पूर्व उपनगरातले, चारशेचे पूर्व-पश्चिम जोडणारे, पाचशेचे नवी मुंबईकडे आणि सातशेचे मीरा-भाईंदरच्या बाजूचे. याला अपवाद भरपूर आहेत, पण अंदाज बांधायला बरं पडतं. नंबरच्या आधी ‘ए’ असेल तर एसी. ‘सी’ असेल तर लांब पल्ल्याची, मधले बरेच स्टॉप गाळणारी. ‘मर्यादित’ म्हणजेच लिमिटेड, तीही सगळ्या स्टॉपवर थांबत नाही, म्हणून चढायच्या आधी आपला स्टॉप घेते का ते विचारून घ्या. चढल्यावर विचारून उपयोग नाही, पुढचा स्टॉप दोन किलोमीटरवर असतो.

नंबर बरोबर असला तरी खालचं ठिकाण वाचायला विसरू नका. एकाच नंबरची गाडी कधी शेवटपर्यंत जाते आणि कधी मध्येच कुठल्यातरी डेपोपर्यंत, विशेषतः दुपारी आणि रात्री उशिरा, ड्युटी संपायच्या वेळेला.

बोर्डावर लिहिलेलं ठिकाण मुंबईत कुठे आहे तेच कळत नाही!

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि यात तुमची काही चूक नाही. बेस्ट अधिकृत नाव लिहिते, लोक बोलतात दुसरंच. राणी लक्ष्मीबाई चौक म्हणजे सायन. आगरकर चौक म्हणजे अंधेरी पूर्व स्टेशन. वीर कोतवाल उद्यान म्हणजे दादरचं प्लाझा. खोदादाद सर्कल म्हणजे दादर टीटी, आणि टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. ट्राम ३१ मार्च १९६४ ला कायमची बंद झाली तरी कंडक्टर अजून ‘टीटी, टीटी’च ओरडतो. माहेश्वरी उद्यान म्हणजे किंग्ज सर्कल. अहिल्याबाई होळकर चौक म्हणजे चर्चगेट स्टेशन. हुतात्मा चौक म्हणजे फाउंटन. महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणजे क्रॉफर्ड मार्केट. संत गाडगे महाराज चौक म्हणजे सात रस्ता. वसंतराव नाईक चौक म्हणजे ताडदेव. पंडित पलुस्कर चौक म्हणजे ऑपेरा हाउस. इलेक्ट्रिक हाउस म्हणजे कुलाब्याचं बेस्टचं हेड ऑफिस, तिथे कुणाचं काही काम नसतं पण निम्म्या गाड्यांवर तेच नाव.

ॲपमध्ये शोधताना दोन्ही नावं टाकून बघा. ‘सायन’ टाकून थेट गाडी दिसत नसेल तर राणी लक्ष्मीबाई चौक टाका, दिसेल. कंडक्टरला मात्र बोलीतलं नाव सांगा, ‘एक पलुस्कर चौक द्या’ म्हणालात तर तो आधी तुमच्याकडे बघेल आणि मग तिकीट देईल.

तिकीट किती?

९ मे २०२५ पासून साध्या गाडीचं कमीत कमी भाडं १० रुपये आणि एसीचं १२, पहिल्या ५ किलोमीटरला. मग १० किलोमीटरपर्यंत १५ आणि २०, १५ किलोमीटरपर्यंत २० आणि ३०, २० किलोमीटरपर्यंत ३० आणि ३५, २५ पर्यंत ३५ आणि ४०. त्याआधी, जुलै २०१९ मध्ये भाडं कमी केल्यापासून, साधी ५ रुपये आणि एसी ६ रुपये होती, म्हणून जुनी माणसं अजून पाचाची नोट, सॉरी, पाचाचं नाणं पुढे करतात आणि वाद घालतात. कुणी काही म्हणो, १२ रुपयांत एसी गाडीत बसायला मिळणं ही मे महिन्यातल्या मुंबईत स्वस्तातली चैन आहे.

छोट्या अंतरात साध्या आणि एसीत दोनच रुपयांचा फरक आहे, त्यामुळे जी आधी येईल तिच्यात चढा. लांब जाताना मात्र फरक पडतो, १५ किलोमीटरला सरळ १० रुपये.

सुट्टे नाहीत, काय करू?

चलो ॲप टाका. २०२१ च्या डिसेंबरपासून बेस्टची तिकिटं त्यावर मिळतात. किंवा चलोचं कार्ड घ्या, कंडक्टरकडे मिळतं, पैसे भरायचे आणि मशीनला लावायचं. ॲपचं तिकीट गाडी दिसल्यावर नाही, स्टॉपवर उभं असतानाच काढून ठेवा, कारण गर्दीत एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने पेमेंट करणं आणि त्यात नेट गेलेलं, हे सगळं होईपर्यंत तुमचा स्टॉप येतो. फोनची बॅटरी संपली तर तुमच्याकडे तिकीट नाही, असंच तपासनीस धरणार. आणि खिशात २०-३० रुपये सुट्टे ठेवाच, डिजिटल कितीही झालं तरी. पाचशेची नोट कंडक्टरला दाखवू नका, सकाळी तर नाहीच.

पास परवडतो का?

एक दिवसाचा पास ७५ रुपये, महिन्याचा १८०० (दरवाढीच्या आधी हेच ६० आणि ९०० होते, महिन्याचा एकदम दुप्पट केला). आता हिशोब तुमचा तुम्हीच करा. रोज स्टेशन ते ऑफिस एसीने १२ रुपयांचा टप्पा जाऊन येऊन केला तर २४ रुपये, महिन्याला कामाचे पंचवीस दिवस धरले तर ६००, मग १८०० चा पास कशाला? पण ज्यांना दोन गाड्या बदलून लांब जायचंय, एका वेळेचे ३०-३५ आणि वर दुसऱ्या, छोट्या टप्प्याच्या गाडीचे १२, त्यांचे महिन्याला दोन हजारांच्या वर जातात, त्यांनी काढावा. दिवसाचा पास घर शोधायच्या दिवशी भारी. ब्रोकर सकाळी चेंबूर दाखवतो, दुपारी मुलुंड आणि संध्याकाळी म्हणतो कांदिवलीत एक मस्त फ्लॅट आहे. विद्यार्थ्यांसाठी आणि ज्येष्ठांसाठी वेगळे सवलतीचे पास आहेत, त्याची कागदपत्रं डेपोत विचारा, दर वर्षी काहीतरी नवीन मागतात.

ॲपवर ‘५ मिनिटांत’ दाखवतंय आणि गाडी येतच नाही, असं का?

ॲपवर दोन प्रकारची वेळ असते. एक लाइव्ह, म्हणजे गाडी खरंच रस्त्यावर आहे आणि नकाशावर सरकताना दिसते. दुसरी नुसती टाइमटेबलची, म्हणजे कागदावर गाडी यायला हवी. दुसरीवर विश्वास ठेवू नका. नकाशा उघडा, गाडीचं चिन्ह सरकतंय का बघा, आणि ती कुठल्या सिग्नलच्या अलीकडे आहे ते बघा. साकीनाक्याच्या पलीकडे असेल तर ५ मिनिटांची १५ होणार हे तुम्हाला कळेल, ॲपला तेवढं कळत नाही. ज्या स्टॉपवरून गाडी सुरू होते तिथे तर ॲप हमखास चुकतं कारण गाडी उभी असते पण ड्रायव्हर चहाला गेलेला असतो. तिथे स्टार्टर झिंदाबाद.

अर्धा तास एक गाडी नाही आणि मग तीन एकदम, हे मुद्दाम करतात का?

मुद्दाम नाही हो. समजा एकाच नंबरच्या गाड्या दहा-दहा मिनिटांनी सुटल्या. पहिली एका सिग्नलला, नाहीतर कुणीतरी डबल पार्किंग केलंय तिथे, चार मिनिटं अडकली. आता पुढच्या स्टॉपवर चार मिनिटांची जास्तीची माणसं जमली, ती चढायला वेळ, त्यांची तिकिटं, त्यामुळे ती अजून मागे पडली, त्याच्या पुढच्या स्टॉपवर अजून जास्त माणसं. मागच्या गाडीला मात्र स्टॉप रिकामे मिळत जातात, ती पटापट पुढे सरकते आणि तासाभरात दोघी एकमेकींच्या मागे. तिसरीचंही तेच. म्हणून पहिली नेहमी खचाखच आणि तिसरीत बसायला जागा! मागून दुसरी येताना ॲपवर दिसत असेल तर पहिली सोडा, हा माझा ठाम सल्ला. लोक तरी पहिलीलाच लटकतात, का ते देव जाणे.

अर्थात सगळा दोष ट्रॅफिकचा नाही. गाड्याच कमी झाल्यात. बेस्टकडे एके काळी चार हजारांच्या वर गाड्या होत्या, आता तीन हजारांच्या आत आल्यात. जुन्या गाड्या वय झालं म्हणून भंगारात जातात आणि नव्या वेळेवर येत नाहीत, मधल्या मधे तुम्ही-आम्ही स्टॉपवर उभे.

कंडक्टर म्हणाला ‘ही गाडी बेस्टची नाही, ठेकेदाराची आहे’. मग तक्रार कुणाकडे?

बेस्टकडेच. आता बहुतेक गाड्या भाडेतत्त्वावरच्या आहेत, म्हणजे गाडी, ड्रायव्हर, दुरुस्ती ठेकेदाराची आणि बेस्ट त्याला किलोमीटरप्रमाणे पैसे देते. रूट, भाडं, तिकीट सगळं बेस्टचं. त्यामुळे एसी बंद आहे, ड्रायव्हर स्टॉपवर थांबला नाही, हे तुमच्या दृष्टीने बेस्टचंच काम. तक्रार करताना रूट नंबर पुरत नाही, गाडीचा नंबर, वेळ आणि स्टॉप लिहा. तेवढं नसेल तर तक्रार केराच्या टोपलीत. आणि हो, ठेक्यावरच्या ड्रायव्हरांचे पगार अडले की संप होतात, ऑगस्ट २०२३ मध्ये असाच मोठा झाला होता, तेव्हा अर्धी मुंबई रस्त्यावर चालत होती. सकाळी सगळ्या एसी गाड्या एकदम गायब दिसल्या तर आधी बातम्या बघा.

कुठल्या दाराने चढायचं?

जुनी पद्धत मागून चढा, पुढून उतरा. पुढच्या दाराने फक्त ज्येष्ठ, गरोदर बायका, अपंग. नव्या एसी गाड्या आल्यावर यात गोंधळ झालाय, काहींना एकच दार आहे, काहींवर पुढून चढायला लिहिलंय. दारावर काय लिहिलंय ते वाचा नाहीतर पुढचा माणूस काय करतोय ते करा. चढल्यावर दारात उभे राहू नका, ‘पुढे चला, पुढे चला, गाडी रिकामी आहे’ ही कंडक्टरची आरोळी तुमच्यासाठीच असते, आणि गाडी रिकामी नसते हे सगळ्यांना माहीत असतं.

हात दाखवावा लागतो का?

हो. नुसतं आशेने बघून गाडी थांबत नाही. उतरताना एक स्टॉप आधी दाराकडे सरका. घंटा कंडक्टरची, एक वाजवली की थांब, दोन वाजवल्या की चल.

बायकांना हाफ तिकीट असतं ना?

ते एसटीत. राज्य परिवहनच्या गाड्यांत १७ मार्च २०२३ पासून महिलांना ५० टक्के सवलत आहे, बेस्टमध्ये नाही. गावाहून आलेल्या मावश्या, काकू दर वेळी याच्यावरून कंडक्टरशी भांडतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. बेस्टमध्ये राखीव सीट आहेत, वर लिहिलेलं असतं, आणि तिथे पुरुष बसला असेल तर उठवायला अजिबात संकोच करू नका, बहुतेक जण बोलायच्या आधीच उठतात. जो उठत नाही त्याला कंडक्टर उठवतो. २०१९ मध्ये फक्त बायकांसाठी तेजस्विनी गाड्याही आणल्या होत्या, त्या गर्दीच्या वेळेला ठरावीक रूटवर, तुमच्या रूटवर असेल तर नशीब.

बस नेहमीच्या रस्त्याने न जाता भलतीकडूनच गेली, आता?

आडव्या प्रवासाचं दुखणं हेच आहे. पूर्वेकडून पश्चिमेकडे जायला रेल्वे ओलांडावी लागते आणि ओलांडायला मोजके पूल. एक पूल बंद झाला की दहा-वीस रूट वाकडे होतात. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ ला बंद केला तो पूर्ण सुरू व्हायला मे २०२५ उजाडलं, तोपर्यंत अंधेरीतल्या लोकांचे काय हाल झाले ते त्यांनाच विचारा. सायनचा पूल पाडण्यासाठी १ ऑगस्ट २०२४ ला बंद केला, तेव्हा धारावीकडच्या गाड्यांना वळसा पडला. एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५ ला बंद केला, परळ-प्रभादेवी हे पाच मिनिटांचं अंतर एकदम दूरदेशी झालं. म्हणून घर बघताना ‘ऑफिस इथून बसने वीस मिनिटं’ असं कुणी सांगितलं तर मधे कुठला पूल लागतो आणि तो कधीचा आहे एवढं विचारा. हसू नका, खरंच विचारा.

गाडी वळवली की काही स्टॉप गळतात. चढताना कंडक्टरला स्टॉपचं नाव घेऊन ‘तिकडून जाते ना आज?’ विचारायचं. ‘आज’ हा शब्द महत्त्वाचा.

पावसाळ्यात काय?

पावसात लोकल बंद पडली की सगळं शहर बसवर येतं आणि रस्त्यावरही पाणी असतं, म्हणजे डबल मार. हिंदमाता, किंग्ज सर्कलचं गांधी मार्केट, अंधेरी सबवे, मिलन सबवे ही नावं पाठ करून ठेवा. जोराचा पाऊस लागला आणि त्यात समुद्राला भरती असेल तर या जागी पाणी भरतंच, कारण शहराचं पाणी समुद्रात जायचं आणि समुद्रच वर आलेला असतो. भरतीची वेळ पेपरात, बातम्यांत रोज येते, पावसाळ्यात ती बघायची सवय लावा. अंधेरी सबवे बंद झाला की गाड्या दुसऱ्या पुलावरून फिरवतात. हिंदमातेला पाणी भरलं की गाडी वरच्या पुलावरून जाते आणि मग खालचे स्टॉप ती घेतच नाही, तुम्ही खाली छत्री धरून उभे आणि गाडी डोक्यावरून गेली. अशा वेळी पूल सुरू व्हायच्या अलीकडच्या स्टॉपपर्यंत चालत जा.

बाकी, पावसात खिडकीजवळची सीट रिकामी दिसली तर ती रिकामी का आहे ते आधी हात लावून बघा.

गर्दी कुठल्या वेळेला आणि कुठल्या दिशेला?

सकाळी साडेआठ ते साडेदहा स्टेशनकडून ऑफिसकडे, संध्याकाळी सहा ते नऊ उलटं. पण यात एक फट असते. सकाळी बीकेसीहून कुर्ल्याकडे येणारी गाडी अगदी मोकळी असते कारण ती पुढची खेप भरायला परत येत असते. तुमचं ऑफिस दोन स्टेशनांच्या मधे असेल तर जिकडून गर्दी कमी तिकडून जायचं, लोकलचा एक स्टेशन जास्त प्रवास झाला तरी चालेल. आणि रांग असेल तर रांगेत उभे राहा. मुंबईत बसच्या रांगेत घुसणाऱ्याला जेवढ्या शिव्या पडतात तेवढ्या लोकलमध्ये ढकलणाऱ्यालाही पडत नाहीत.

मेट्रो आल्यावर बसचं काय राहिलं?

वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो २०१४ पासून आहे आणि आरेपासून कफ परेडपर्यंतची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली, बीकेसी, वरळी, विमानतळ हे सगळं तिच्यावर आलं. वेळ वाचतो, प्रश्नच नाही. पण मेट्रोचं स्टेशन तुमच्या ऑफिसच्या दारात नसतं, आणि तिकीटही बसच्या मानाने महाग. शिवाय जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या पुढे पूर्वेला, मुलुंड-भांडुपच्या आतल्या भागात, गोवंडी-मानखुर्दला बसशिवाय गाडं अडतं. ज्यांनी मेट्रो येणार म्हणून रूट बंद करायची घाई केली त्यांनी एकदा मानखुर्दला सकाळी नऊला उभं राहून बघावं.

ठाणे, नवी मुंबई, मीरा रोडला बेस्ट जाते का?

जाते, पण तिकडे त्यांच्या स्वतःच्या गाड्याही आहेत. ठाण्याची टीएमटी, नवी मुंबईची एनएमएमटी, मीरा-भाईंदरची एमबीएमटी. स्टॉप बऱ्याचदा एकच, रंग वेगळे, पास मात्र एकमेकांचे चालत नाहीत. बेस्टचा पास दाखवून एनएमएमटीत बसलात तर तिकीट काढावं लागेल. गावाला जायची एसटी हा वेगळाच विषय, ती मुंबई सेंट्रल, परळ, कुर्ला नेहरूनगर, बोरिवली नॅन्सी कॉलनी इथून सुटते.

रात्री उशिरा मिळते का?

अकरानंतर गाड्या विरळ होतात. मध्यरात्रीनंतर मोजक्या मोठ्या रूटवर तासाला एखादी अशी सेवा चालवतात, पण तिच्या भरवशावर शेवटची लोकल सोडू नका. गणपतीत मात्र रात्रभर जादा गाड्या असतात, तेव्हा मजा असते.

मोठी बॅग घेऊन चढू देतात का?

गर्दी नसेल तर देतात, मोठ्या सामानाचं वेगळं तिकीट लागतं. सकाळी नऊला कुर्ल्याला दोन ट्रॉली बॅगा घेऊन बसमध्ये चढायचा विचार करत असाल तर टॅक्सी करा, सगळ्यांचं भलं होईल.

बसमध्ये सामान विसरलं तर?

तिकीट फेकू नका, त्यावरून गाडी आणि वेळ कळते. ज्या टोकाला गाडी संपते तिथल्या बसचौकीत लगेच जा किंवा उलट्या दिशेने येताना तीच गाडी पकडा. बऱ्याचदा कंडक्टरने ठेवलेलं असतं. छत्री असेल तर नाद सोडा.

डबलडेकर अजून आहे का?

लाल डिझेलची जुनी नाही. ती १९३७ पासून मुंबईत होती, शेवटची १५ सप्टेंबर २०२३ ला धावली, लोकांनी हार घालून निरोप दिला. आता इलेक्ट्रिक एसी डबलडेकर आहे, फेब्रुवारी २०२३ पासून, आधी सीएसएमटी ते नरिमन पॉइंटचं एनसीपीए या ११५ नंबरवर आली. काचा बंद असतात त्यामुळे जुना वारा नाही, पण वरची पुढची सीट मिळाली तर फाउंटनपासून पुढचा रस्ता बघायला १२ रुपयांत दुसरं काही नाही.

नुसतं फिरायला कुठल्या बसने जाऊ?

रविवारी सकाळी १२३ नंबर पकडा, कुलाब्याच्या आरसी चर्चहून ताडदेवला जाते, मरीन ड्राइव्हवरून. जाताना डाव्या हाताची खिडकी. उपनगरात २०३, अंधेरीहून जुहूच्या बाजूने. आणि बसचंच वेड असेल तर आणिक डेपोत बेस्टचं म्युझियम आहे, ट्रामच्या काळापासूनची तिकिटं, तिकीट पंच, जुनी मॉडेलं. मुंबईत पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली होती, म्हणजे आज तुम्ही १२३ ला जिथे चढणार जवळपास तिथूनच. जायच्या आधी चालू आहे का ते फोन करून विचारा, सरकारी म्युझियम आहे ते.